नळी आधी की गाठ?

वॉर्डवाला : आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घे. पुरुषाचा मूत्रमार्ग, म्हणजे लघवीची नळी, सगळी मिळून १८ ते २० सेंटिमीटर. त्यातला प्रोस्टेटच्या पोटातला तुकडा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. आणि एवढ्याशा तुकड्यासाठी तुम्ही ॲनाटॉमीवाले पोरांकडून काय काय घोकून घेता! क्रेस्ट, सायनस, कॉलिक्युलस, युट्रिकल. ‘बीडीसी’ या पाठ्यपुस्तकातली आकृती रंगीत पेन्सिलींनी जर्नलात उतरवली, व्हायव्हात पोपटासारखी म्हणून दाखवली की संपलं. पुढे तेच पोर माझ्या ओपीडीत बसतं आणि समोर खापरीहून आलेले आजोबा असतात. ते म्हणतात, ‘साहेब, धारच लागत नाही. उभा राहतो, वाट पाहतो, मग थेंब थेंब येते. रात्री चारदा उठतो.’ आजोबांना कॉलिक्युलसची तक्रार नसते. आणि मी तरी काय विचारतो? किती वेळा जाता, जोर करावा लागतो का, झाल्यावर मोकळं वाटतं का. रात्रीचं उठणं तर नेहमी प्रोस्टेटमुळेच असतं असंही नाही. साखर असते, हृदय थकलेलं असतं, पायाला सूज असते, झोपण्याआधी तांब्याभर पाणी प्यायची सवय असते. त्यात आणखी गंमत अशी की गाठीच्या आकाराचा आणि त्रासाचा मेळ बसत नाही. तरुण माणसाची प्रोस्टेट २० ग्रॅमच्या आसपास. सोनोग्राफीत कुणाची ३५ निघते आणि त्याची लघवी पार तुंबलेली असते. कुणाची ९० निघते आणि तो गडी मजेत असतो. रचना जर दुःख सांगत नसेल, तर ती एवढी पाठ कशाला करायची?

ॲनाटॉमीवाला : तू नळी म्हणालास ना, तिथेच तुझी पहिली चूक आहे. नळी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर नळाचा पाइप येतो, गोल, पोकळ, कायम उघडा. हा तुकडा गोलही नाही आणि उघडाही नाही. आडवा छेद घेतलास तर चवथीच्या चंद्रासारखी कोर दिसते, फुगीर बाजू पुढे. कारण मागच्या भिंतीवर मधोमध एक उभा कणा आत घुसलेला असतो. तीच ती क्रेस्ट, जिच्यावर तू चिडलास. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन खोलगट पन्हळी आहेत. तेच सायनस, आणि त्यांत प्रोस्टेटच्या १५-२० बारीक नळ्यांची तोंडं उघडतात. कण्याच्या मध्यावर एक उंचवटा आहे, तो कॉलिक्युलस. तुमचे सर्जन त्याला व्हेरूमोंटॅनम म्हणतात, वेळ नसला की नुसतं ‘व्हेरू’. या टेकाडाच्या माथ्यावर युट्रिकलचं भोक, आणि त्याच्या उजव्या-डाव्या हाताला वीर्य आणणाऱ्या दोन नळ्यांची मुखं. म्हणजे मूत्राशयाकडून येणाऱ्या वाटेला शुक्राशयांकडून येणारी वाट इथे मिळते. याच ठिकाणी रस्ता वळतोही. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग एका रेषेत नाहीत, टेकाडापाशी तो साधारण ३५ अंशांनी पुढे झुकतो. सरळ टोकाची कॅथेटर म्हाताऱ्या माणसात अडते तेव्हा तुमची सिस्टर काय मागते? वाकड्या टोकाची. आणि ती घालताना टोक वरच्या बाजूला ठेवते. ते वर का, हे तिला त्या ३५ अंशांनी आणि मागच्या भिंतीवरच्या त्या उंचवट्याने शिकवलेलं आहे, भले तिने ‘बीडीसी’ उघडलेलं नसेल. आता उलट बाजू बघ. कॅथेटर पुरेशी आत न ढकलता फुगा फुगवला, तर तो मूत्राशयात न फुगता याच ३ सेंटिमीटरांत फुगतो. रक्त येतं, माणूस कळवळतो. तुझ्या ओपीडीतल्या पोराला पत्ता पाठ नसेल तर पत्र चुकीच्या घरी जाणार, एवढंच माझं म्हणणं आहे. नावं म्हणजे पत्ते आहेत रे, दागिने नाहीत.

वॉर्डवाला : पत्ते कुणाच्या घरांचे? मेलेल्या माणसाच्या. तुझी ती कोर, त्या पन्हळी, तो कणा, हे सगळं फॉर्मालिनमध्ये ताठ झालेलं. आणि ते दाखवायला तू करतोस काय? पेल्विस करवतीने मधोमध उभी कापतोस, दोन अर्धुकं करतोस. टेकाड मधोमध, तुझी करवतही मधोमध. म्हणजे जे दाखवायचं तेच आधी चिरायचं. ३५ अंशांचं वळण पाहायला उभा छेद हवा, आणि कणा, टेकाड, तिन्ही भोकं पाहायला पुढची भिंत चिरून नळी पुस्तकासारखी उघडायला हवी. एकाच अवयवात दोन्ही नीट दिसत नाहीत. पुस्तकातली आकृती पाहून पोरं समजतात की माणसाच्या पोटात असं उघडं पुस्तक ठेवलेलं असतं. जिवंतपणी या भिंती एकमेकींना चिकटून असतात. लघवी येते तेवढ्यापुरत्या दूर होतात, पुन्हा मिटतात. तू दाखवतोस तो आकार कुठल्याच जिवंत पुरुषात कुठल्याच क्षणी नसतो.

आणि खरं सांगू? मला हा आराखडाच पटत नाही. कुठल्या प्लंबरने पाण्याची लाइन अशा गोळ्याच्या मधून नेली असती, जो गोळा पन्नाशीनंतर वाढत जाणार आहे? वर त्याच लाइनमध्ये दुसरी लाइन आणून सोडली. मिहानचं पूर्ण नाव आठवतंय ना? मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. विमान, रेल्वे, रस्ता, सगळी वाहतूक एका जागी आणायची. तुझी ही जागा म्हणजे पुरुषाचं मिहान. कागदावर झकास दिसतं, आणि प्रत्यक्षात एक माल जायचा तर दुसऱ्याने थांबायचं.

ॲनाटॉमीवाला : मिहान काढलंस ते बरं झालं, मला तेच हवं होतं. शिवणगाव माहीत आहे ना? विमानतळाच्या विस्तारात ज्याचा जीव अडकला ते. आता सांग, गाव धावपट्टीच्या वाटेत आलं, की धावपट्टी गावावर आली? तू कुठे उभा राहून बोलतोस त्यावर उत्तर ठरतं. नकाशा आधी काढला त्याला गाव अडथळा वाटतं. गावात जन्मला त्याला धावपट्टी आगंतुक वाटते. प्रोस्टेटबद्दल आपण सगळे नकाशावाले आहोत. आपण म्हणतो, नळी गाठीतून जाते. जणू गाठ आधी होती आणि कुणीतरी तिला भोक पाडून नळी ओवली.

गर्भात झालं ते उलटं. आधी मूत्र आणि जनन या दोन्हींसाठी एक सामाईक पोकळी असते, तिच्यापासून ही नळी बनते. मग साधारण तिसऱ्या महिन्यात, वृषणांतून आलेल्या संप्रेरकाच्या जोरावर, याच नळीच्या अस्तराला कोंब फुटतात. ते कोंब भोवतालच्या मऊ ऊतीत घुसतात, फांद्या फुटतात, फांद्यांना ग्रंथी लगडतात, आणि त्या झाडीला आपण प्रोस्टेट म्हणतो. गाठ नळीतून उगवली आहे. नळी घर आहे, गाठ तिच्या भिंतीला फुटलेलं रान आहे. त्यामुळे ‘प्लंबरने असं का केलं’ हा प्रश्नच गैरलागू आहे. पाइप टाकणारा कुणी नव्हताच, पाइपच्या आतूनच रान माजलं.

मुलीत हे कोंब फारसे वाढत नाहीत. मूत्रमार्गालगत थोड्या ग्रंथी राहतात, १८८० साली अलेक्झांडर स्कीनने त्यांचं वर्णन केलं. काही शारीरशास्त्रज्ञ त्यांना सरळ स्त्रीची प्रोस्टेट म्हणतात. आणि बाईचा अख्खा मूत्रमार्ग, जो सुमारे ४ सेंटिमीटरचा, तो पुरुषाच्या मूत्रमार्गातल्या कुठल्या भागाशी जुळतो माहीत आहे? युट्रिकलच्या वरच्या भागाशी, फक्त. त्या टेकाडाच्या खालचं सगळं पुरुषाने मागाहून जोडलेलं. आता युट्रिकल. ती ६ मिलिमीटरची आंधळी पिशवी, तुझ्या मते बिनकामाची. ज्या नळ्यांपासून बाईत गर्भाशय होतं त्या म्युलेरियन नळ्या पुरुष-गर्भातही असतात. वृषणातलं एक संप्रेरक त्यांना विरघळवतं, आणि त्यांचा उरलेला शेवट तिथे राहतो असं पूर्वापार शिकवलं जातं. आता काही जण म्हणतात, त्यात त्या सामाईक पोकळीचाही वाटा आहे. काहीही असो, प्रत्येक पुरुषाच्या लघवीच्या वाटेवर गर्भाशयाची एक न झालेली खोली आहे. तू तिला बिनकामाची म्हण. मी म्हणतो, सातबाऱ्यावरची जुनी नोंद आहे.

वॉर्डवाला : नोंद वाचायला छान आहे. पण तुझा सातबारा तरी कायम आहे का? आपण मेडिकलला शिकलो तेव्हा प्रोस्टेटला पाच लोब होते. पुढचा, मधला, मागचा आणि दोन बाजूंचे. १९१२ साली लोज्लीने गर्भातल्या आणि नवजात मुलांच्या प्रोस्टेट कापून ते ठरवले. मी तेच पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुण मिळवले. नंतर कळलं की मोठ्या माणसाच्या प्रोस्टेटमध्ये सुरीने ते लोब वेगळे करून दाखवताच येत नाहीत. मग झोन आले. आमच्या रेडिओलॉजिस्टचा एमआरआय रिपोर्ट झोनमध्ये येतो आणि व्हायव्हात अजून ‘कुठला लोब वाढतो’ विचारतात. आता तूच सांग, दगडासारखी पक्की म्हणून शिकवलेली रचना जर पन्नास वर्षांत मोडीत निघते, तर औषधांच्या कंपन्यांना आपण कशाला हसतो?

ॲनाटॉमीवाला : बरोबर नस पकडलीस, पण उलट्या हाताने. लोब कुणी मोडीत काढले आणि कशाने? जॉन मॅक्नील नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने, १९६८ च्या सुमारास. त्याच्या हातात नवं यंत्र नव्हतं. त्याने फक्त सुरी फिरवली. बाकीचे लोक प्रोस्टेट आडवी कापत, पावाच्या तुकड्यांसारखी. त्याने मूत्रमार्गाच्या दिशेने छेद घेतले, आणि नळी जिथे वळते तिथे छेदही वळवला. तू मघाशी चिडलास ना, की एका छेदात एकच दिसतं? त्याने ते ओळखलं म्हणूनच त्याला नवं दिसलं. गाठीचा हिशेब गाठीवरून लावायचा नाही, नळीवरून लावायचा. कुठली ग्रंथी नळीच्या कुठल्या टप्प्यावर उघडते ते बघायचं. टेकाडापासून खाली ज्यांची तोंडं उघडतात तो बाहेरचा झोन, तरुण प्रोस्टेटचा सुमारे ७० टक्के. वीर्यनळ्यांभोवतीचा मधला झोन, २५ टक्के. आणि टेकाडाच्या थोडं वर, नळीला अगदी खेटून, दोन बाजूंना चिमुकला ट्रान्झिशन झोन, फक्त ५ टक्के.

आता तुझे खापरीचे आजोबा. त्यांच्या लघवीला अडवणारी वाढ या ५ टक्क्यांतून येते. नळीच्या उशाशीच ती वाढते, म्हणून नळी दाबली जाते. मॅक्नीलने तर असंही सुचवलं की गर्भात कोंब फुटले तसेच ते म्हातारपणी पुन्हा फुटू लागतात, म्हणजे रान पुन्हा माजतं. कॅन्सर मात्र १० पैकी ७ वेळा बाहेरच्या झोनमध्ये, नळीपासून लांब, गुदाशयाच्या बाजूला. म्हणून तू बोटाने तपासतोस तेव्हा तो हाताला लागण्याची शक्यता असते. त्याचा अर्थ काय? धार बारीक झाली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. आणि धार झकास आहे म्हणजे कॅन्सर नाही असंही नाही. जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या दारात ‘लघवीला त्रास नव्हता हो, मग असं कसं’ म्हणणाऱ्या घरच्यांना हे उत्तर हवं असतं. आणि आपल्या एम्सच्या ओपीडीबाहेर ‘गाठ आहे म्हणजे पुढे कॅन्सरच होणार’ या भीतीने आठ दिवस न झोपलेल्यालाही. वाढलेली साधी गाठ बदलून कॅन्सर होत नाही. दोघांचे झोन बहुतेक वेळा वेगळे, घरं वेगळी. हे नळीवरून मोजल्याशिवाय कळलं नसतं.

कुत्र्याचंही बघ. म्हातारपणी आपोआप प्रोस्टेट वाढण्याचा त्रास माणसाशिवाय सर्रास होतो तो कुत्र्याला. पण कुत्र्याची गाठ बाहेरच्या अंगाने फुगते, आतड्याला दाबते. त्याला शौचाला त्रास होतो, लघवीला फारसा नाही. वाढ तीच, जागा वेगळी, म्हणून दुःख वेगळं. तू म्हणालास, रचना दुःख सांगत नाही. आकार सांगत नाही, हे कबूल. जागा सांगते.

वॉर्डवाला : जागा सांगते, पण अर्धंच सांगते. ऐक. मी दुर्बिणीने ऑपरेशन करायला उभा राहतो तेव्हा तुझ्या पुस्तकातलं उघडं पान दिसत नाही. बोगद्यात समोर पाहावं तसं दिसतं. दोन्ही बाजूंनी गाठीचे पडदे आत लोंबलेले, आणि खाली सहाच्या काट्यावर, नशीब असेल तर, तुझं टेकाड. मान्य करतो, त्या टेकाडाशिवाय मी आंधळा आहे. त्याच्या वरचं खरवडायचं, त्याच्या खाली लूप न्यायचा नाही. खाली बाहेरचा स्फिंक्टर असतो, आणि त्याला धक्का लागला की माणूस उरलेलं आयुष्य कपडे ओले करत राहतो. वरचा, मूत्राशयाच्या गळ्याचा स्नायू तर मी ऑपरेशनमध्ये कापतोच. मग एकट्या खालच्यावर भिस्त. माझ्या हाताखालच्या पोराने पहिल्यांदा लूप धरला की मी एकच वाक्य म्हणतो, ‘व्हेरू दाखव, मग पुढे.’ तेव्हा नावं दागिने आहेत असं मी म्हणत नाही. निदान एक नाव तरी नाही.

पण वॉर्डात ऑपरेशनपेक्षा गोळ्या जास्त चालतात. टॅमसुलोसिन रात्री एक. गाठ तेवढीच राहते, वळण तेवढंच, टेकाड तिथेच, आणि धार सुधारते. का? कारण मूत्राशयाच्या गळ्याच्या आणि प्रोस्टेटच्या आतल्या स्नायूंची मूठ सैल होते. ही मूठ तुझ्या टेबलावर दिसते का? नाही, मेल्यावर मूठ उघडलेली असते. आणि उलटही होतं. हिवाळ्यात सर्दी झाली, दुकानातून सर्दीची गोळी आणली, दोन घेतल्या, रात्री लघवी बंद. नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाच्या गळ्याची मूठ आवळतं, सोबतचं दुसरं मूत्राशयाला सुस्त करतं. सकाळी पोट तट्ट, माणूस घामाघूम. रचनेत रात्रीतून काय बदललं? काहीच नाही. सोनोग्राफीत कालचीच गाठ. अडथळा जितका मांसाचा, तितकाच आवळण्याचा. तू घराचा नकाशा शिकवतोस. मला घरातल्या माणसांचं भांडण सोडवायचं असतं.

ॲनाटॉमीवाला : भांडणही दाराशीच होतं. ती मूठ कुठे आहे? मूत्राशयाच्या गळ्यापासून टेकाडापर्यंत, त्या वरच्या दीड सेंटिमीटरभोवती. ती काय करते? लघवी धरून ठेवायला मदत करते, पण तिचं मोठं काम दुसरंच आहे. वीर्य येतं तेव्हा ती घट्ट मिटते, म्हणजे ते मागे मूत्राशयात न जाता पुढे जातं. तू म्हणालास ना, एक माल जायचा तर दुसऱ्याने थांबायचं? थांबवणारं फाटक हेच. तुझी गोळी ती मूठ सैल करते, म्हणून काही पुरुषांत वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. तुझा लूप ती कापतो, म्हणून बहुतेकांत ते मागे मूत्राशयात जातं. इजा नाही, दुखत नाही, लघवीवाटे निघून जातं. पण हे तू आधी सांगतोस का? खरं बोल.

वॉर्डवाला : सांगतो. म्हणजे, फॉर्मवर असतं. सत्तरीच्या आजोबांना, शेजारी सून उभी असताना, कसं सांगायचं? ‘आता मूलबाळ नको ना?’ एवढं विचारतो. ते हसतात, सही करतात. महिन्याभराने एकटे येतात आणि दार लोटून हळूच म्हणतात, ‘साहेब, काहीतरी कमी केलं तुम्ही.’

ॲनाटॉमीवाला : सूनबाईंना बाहेर पाठवायचं, कागदावर तीन रेघा काढायच्या. इथे पिशवी, इथे फाटक, इथे टेकाड. ज्या आजोबांना कापसाच्या शेताला पाणी कुठल्या चारीने सोडायचं ते कळतं, त्यांना हे कळत नाही? तुमच्यात आता टेकाडाच्या वरचा आणि भोवतीचा सुमारे १ सेंटिमीटर भाग राखून ऑपरेशन करणारे आहेत. मूत्राशयाचा गळा कापूनही त्यांच्या बऱ्याच पेशंटचं वीर्य पुढेच येतं. म्हणजे फाटक नक्की गळ्याशी आहे, की टेकाडाभोवतीच्या ऊतीत, की दोन्हीकडे मिळून? मी पोरांना अजून ‘गळ्याशी’ असं शिकवतो. तुझे दुर्बीणवाले मला ते वाक्य खोडायला लावतील असं दिसतंय. त्याचा मला आनंदच आहे, पण निकाल अजून लागलेला नाही.

(इथे लेखकाने मध्ये पडायला हरकत नसावी. या दोघांनी इतका वेळ ‘प्रोस्टेट’ म्हटलं, आणि मराठीत तेच चालतं. पाठ्यपुस्तकी ‘पुरःस्थ ग्रंथी’ म्हणजे ‘पुढे उभी असलेली’, मूळ ग्रीक शब्दाचाच अर्थ. ओपीडीत हा शब्द कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. ‘पौरुष ग्रंथी’ म्हटलं की पुरुष आधीच घाबरतो. राहिला ‘अष्ठीला’.)

वॉर्डवाला : अष्ठीलेवरून आठवलं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार आहेत, त्यातला एक वाताष्ठीला. मलमार्ग आणि बस्ती यांच्या मध्ये दगडासारखी घट्ट गाठ, आणि लघवी अडलेली. माझं बोट रोज तिथेच जातं. मग ‘आपल्याकडे प्रोस्टेट माहीत होती’ असं म्हणायला काय हरकत आहे?

ॲनाटॉमीवाला : बघ, मी उत्साही आणि तू संशयी असं ठरलं होतं, इथे जागा बदलल्या. सुश्रुताने सांगितला तो रोग, वाताने झालेली गाठ. निरोगी माणसात कायम असणारी ग्रंथी त्याने तिथे दाखवलेली नाही. आपण मागाहून ग्रंथीला त्या रोगाचं नाव दिलं. पण त्याचं निरीक्षण चोख आहे, जागा अचूक आहे. आणि गंमत म्हणजे तो तुझ्या बाजूचा. त्याने तक्रारीवरून गाठीकडे बोट दाखवलं. आतून, नळीकडून, ती गाठ पाहायची सोय त्याच्याकडे नव्हती.

वॉर्डवाला : आता मी तुला एक विचारतो, आणि त्याचं उत्तर तुझ्या पुस्तकात नाही. तुझ्या टेबलावर कोण असतं? पूर्वी १९४९ च्या शरीररचना कायद्याखाली बेवारस देह येत, त्यांत तरुणही असत. आता देहदान. दान करणारे कोण? सत्तर-ऐंशी वर्षं जगून, मुलांना सांगून, फॉर्म भरून गेलेले लोक. शवपरीक्षांची जी जुनी आकडेवारी आहे, त्यात पन्नाशी ओलांडून साठीपर्यंतच्या निम्म्या पुरुषांत प्रोस्टेटची साधी वाढ सापडते, आणि ऐंशीपुढच्यांत १० पैकी ८-९ जणांत. म्हणजे पुस्तकातली २० ग्रॅमची, सुबक कण्याची, स्पष्ट पन्हळींची प्रोस्टेट तुझ्या पोरांनी कधी पाहिलीच नाही. मिहानमधल्या आपल्या एम्सच्या कॅम्पसमध्ये सगळं नवं आहे. २०१८ च्या पहिल्या ५० पोरांपासून आतापर्यंत किती बॅचेस गेल्या, २०२२ च्या ११ डिसेंबरला लोकार्पण झालं, टेबलं चकचकीत. आणि टेबलावर सापडते ती चिंचोळी चीर. कणा दबलेला, टेकाड दोन गोळ्यांच्या आड गेलेलं, नळी लांबलेली. पोरं काय म्हणतात?

ॲनाटॉमीवाला : म्हणतात, ‘सर, ही बॉडी नॉर्मल नाही. दुसऱ्या टेबलावरची दाखवा.’

वॉर्डवाला : आणि तू?

ॲनाटॉमीवाला : आधी दाखवायचो. दुसऱ्या टेबलावरही तीच परिस्थिती, मग मॉडेल दाखवायचो. प्लास्टिकचं, लाल-निळं, कणा असा ठसठशीत. एकदा एका पोरीने विचारलं, ‘सर, मग नॉर्मल कुणाची असते?’ मी म्हटलं, पंचविशीतल्याची. ती म्हणाली, ‘पण पंचविशीतला ओपीडीत कशाला येईल?’ त्यावर मला पटकन काही सुचलं नाही. तू इतका वेळ म्हणतोस की मी मेलेल्याची रचना शिकवतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मी शिकवतो ती त्या टेबलावरच्या माणसाची चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची रचना, जी त्यानेही कधी पाहिली नव्हती. पण ती सोडताही येत नाही. कणा कुठे असायला हवा होता हे माहीत नसेल, तर तो कुठे दबला हे पोराला कळणार कसं?

वॉर्डवाला : कळू दे ना उलट बाजूने. आधी दबलेला दाखव, मग त्याला विचार, हा मूळचा कसा असेल. माझ्याकडे पेशंट त्याच क्रमाने येतो.

ॲनाटॉमीवाला : आणि ज्याचं टेकाड तुला दुर्बिणीतूनही सापडत नाही, आधी एकदा ऑपरेशन होऊन गेलेलं, सगळं डागलेलं, तिथे तू काय करतोस?

वॉर्डवाला : तिथे डोळे मिटून ‘बीडीसी’ आठवतो. हसू नकोस.

ॲनाटॉमीवाला : हसत नाही. येत्या बॅचला मी जर्नलमध्ये आधी टेबलावरची चीर काढायला लावणार आहे, जशी दिसते तशी, रंग न भरता.

वॉर्डवाला : आणि लांबी? ३ सेंटिमीटर लिहायची?

ॲनाटॉमीवाला : पट्टी देईन हातात. मागच्या वेळी एका टेबलावर पाचाच्या पुढे गेली होती.

वॉर्डवाला : आणि परीक्षेत?

ॲनाटॉमीवाला : परीक्षेत... ३ लिहायला सांगावं लागेल अजून.